नागपूरच्या महालातल्या आमच्या मेडिकलवाल्या काकाजींना

काकाजी, नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण समोर बोलायला आले की माझा गळा दाटून येतो आणि तुम्ही "काही नाही बेटा" म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता, म्हणून शेवटी लिहूनच टाकते.

पोळ्याच्या दिवशी सकाळी उठले, बहिणीचा फोन आला, डाव्या कानाला लावला तर काहीच नाही. मला वाटलं मोबाईलच बिघडला. उजव्या कानाला लावला तर ती आरामात बोलून राहिली होती. सासूबाईंनी लसूण घालून तेल कोमट केलं, दोन थेंब टाकले, संध्याकाळी जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले सर्दीनं बंद झाला असेल, मळही असेल, आणि ड्रॉपची चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे आमच्याकडची ईडा-पीडेच्या पुतळ्यांची मिरवणूक. ती चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा रस्त्यावर ढोल-ताशे, पोरं "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडून राहिली होती, आणि मला मिरवणूक डावीकडून येते का उजवीकडून तेच समजेना. आवाजाची दिशा कळायला दोन्ही कान लागतात हे मला तेव्हा कुठं माहीत!

तुम्ही ड्रॉप काढायच्या आधी विचारलं, कधीपासून? एकदम गेलं का हळूहळू? सर्दी आहे का? मी नाही म्हटलं. मग तुम्ही म्हणाले, तोंड बंद करून लांब "हूंऽऽ" कर, सांग आवाज कोणत्या कानात येतो. मला उजव्यात आला, चांगल्या कानात. तुमचा चेहरा बदलला ते मी पाहिलं. (वाचणाऱ्यांनी करून पाहा, बोटानं एक कान बंद करा आणि हूं करा, आवाज त्याच बंद कानात घुमतो. मळानं कान बंद असता तर माझंही तसंच झालं असतं.) तुम्ही ड्रॉप परत ठेवले आणि म्हणाले, हे आतल्या कानाचं दिसते, आजच्या आज ईएनटीकडे जा. धंतोलीत तुम्हीच फोन करून डॉक्टर बसले आहेत का विचारलं, आमच्या ह्यांना दुकानातून बोलावून घ्यायला लावलं. मी म्हटलं उद्या जाते ना, आज गर्दी आहे. तेव्हा तुम्ही हळूच म्हणाले, "काकूंचा कान असाच गेला, आम्ही दीड महिना ड्रॉप टाकत बसलो."

एवढ्या वर्षांत काकूंना ऐकू कमी येतं एवढंच मला माहीत होतं. का ते कधी विचारलंच नाही मी.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी कपाळाच्या मधोमध ट्यूनिंग फोर्क ठेवला, त्याचाही आवाज उजवीकडेच गेला. मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती बारीक आवाज ऐकू येतो ते मोजणं. डावा कान ७५ डेसिबल, म्हणजे आवाज तेवढा मोठा केला तेव्हा कुठं ऐकू आला, नॉर्मल माणसाचा २०-२५ च्या आत असतो. त्यांनी चित्र काढून समजावलं. तेल असो की ड्रॉप, कानाच्या पडद्यापर्यंतच जाणार. त्याच्या आत तीन इवलीशी हाडं, आणि त्याच्याही आत वाटाण्याएवढा शंख, अडीच वळशांचा, पाण्यानं भरलेला. त्यात साधारण १५ हजार केसपेशी. त्या पाण्यातल्या लाटेचा करंट बनवतात आणि ऐकण्याची नस तो मेंदूकडे नेते, त्या एका नसेत ३० हजारांच्या आसपास तंतू. मोठा आवाज, गालगुंड, टीबीची काही इंजेक्शनं, वय, कशानंही ह्या पेशी मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. हे ऐकल्यापासून डीजेच्या भिंतीला खेटून नाचणारी पोरं पाहिली की माझा जीव खालीवर होतो.

माझं कशानं झालं ते सापडलं नाही, बहुतेकांचं सापडतच नाही म्हणे. व्हायरस असू शकतो, किंवा त्या शंखाला रक्त नेणारी नळी एकच आणि बारीक, तिच्यात काही अडलं असेल. नसेवर गाठ नाही ना हे पाहायला एमआरआय केला, तो साफ निघाला. स्टिरॉइडच्या गोळ्या त्याच रात्री सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले जेवढं लवकर तेवढं बरं, पहिल्या दोन आठवड्यांत फायद्याचा चान्स जास्त, मग कमी होत जातो. पुढं पडद्यातून तीन इंजेक्शनंही घेतली, दुखली, पण घेतली. आता कान ३५ वर आहे. रात्री बारीक शिट्टी वाजत राहते, ती आहेच.

काकाजी, तुमच्या दुकानात ड्रॉपची बाटली साठ-सत्तर रुपयांची, चिठ्ठी पण होती, देऊन मोकळे झाले असते तर तुम्हाला कोणीच काही बोललं नसतं. तुम्ही गिऱ्हाईक सोडलं आणि स्वतःच्या घरचं दुखणं उघड केलं. ते सांगताना तुम्हाला किती जड गेलं असेल, हे मला घरी आल्यावर समजलं.

काकूंना सांगा, मी आता आले की त्यांच्या उजव्या बाजूला बसते, तिकडून त्यांना नीट ऐकू येतं.

परवा सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आल्या म्हणून तुमचा फोन आला, तो मी मुद्दाम डाव्या कानाला लावला. मागून काकू काहीतरी बोलल्या ते नाही समजलं. पण तुमचं सगळं ऐकू आलं.

तुमची,
गल्लीतली सून