पक्या, आधी दळण बदल

सदाशिव पेठ, पुणे
रविवार

प्रिय पक्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोटो पाहिला. कपाच्या तळाशी बोटभर गाळ आणि खाली तुझा शेरा, 'फ्रेंच प्रेस म्हणजे निव्वळ फसवणूक.' वहिनींना विचारलं तेव्हा कळलं, घरात फिल्टर कॉफीची जी पुडी येते तीच तू त्यात घातलीस. मग त्या बिचाऱ्या प्रेसला कशाला शिव्या घालतोस?

अरे, प्रेसमध्ये पूड चांगली चार मिनिटं पाण्यात बसून असते आणि शेवटी दांडा दाबला की तिला अडवायला असते फक्त त्याच्या टोकाची तारेची जाळी. बारीक पूड त्या जाळीतून निसटून कपात येते, हा झाला गाळ. शिवाय पूड जितकी बारीक तितका तिचा अर्क लवकर उतरतो, त्यामुळे चार मिनिटांत नको तो कडवटपणाही पाण्यात येतो. प्रेसला भरड दळण लागतं, उपम्याच्या जाड्या रव्याहूनही थोडं जाड. दांडा दाबतानाच कळतं बघ. पूड बारीक असली की तो मधेच अडतो आणि जोर लावलास तर गरम पाणी बाहेर उसळतं. पूड भरड असली की दांडा हलक्या हातानं खाली जातो.

माप म्हणशील तर १५ ग्रॅम पुडीला २५० मिली पाणी, इथून सुरुवात कर. पाणी ९२ ते ९६ अंश असावं असं सगळे सांगतात. पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर, इथे पाणी उकळतंच ९८च्या आसपास, त्यामुळे आम्ही गॅस बंद केला की लगेच ओतून मोकळे. तुम्ही ठाणेकरांनी मिनिटभर थांबावं. (पुण्याचं पाणी चांगलं म्हणतात ते हेही धरून, असं समज.)

आता खरी गोष्ट चवीची. पाण्यात आधी उतरतो आंबटपणा, मग गोडवा आणि सगळ्यात शेवटी कडूपणा. म्हणून कॉफी आंबट, पाणचट लागली तर दळण जाड झालंय, पुढच्या वेळी थोडं बारीक कर. कडू लागली, जीभ कोरडी पडली, तर उलटं. पण एका वेळी एकच गोष्ट बदल. पूड, पाणी, वेळ सगळं तेच ठेवून फक्त दळण हलव, नाहीतर कशामुळे काय झालं ते तुला कधीच कळणार नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू चारही गोष्टी एकदम बदलशील आणि मग मला फोन करशील.

दाणे गडद भाजलेले असतील तर ते ठिसूळ असतात आणि अर्कही पटकन सोडतात, तेव्हा एक घर जाड दळ. फिक्या भाजणीचे असतील तर थोडं बारीक.

बाकीच्या पद्धतींचं थोडक्यात. कागदी फिल्टरच्या पोर-ओव्हरला, म्हणजे कागदात पूड ठेवून वरून पाणी ओततात त्याला, मध्यम दळण. तिथे वेळ तू ठरवत नाहीस, पूडच ठरवते. फार बारीक असली की कागद तुंबतो आणि पाणी वर साचून राहतं. एवढ्याच पुडीचं पाणी तीनेक मिनिटांत खाली आलं की समज जमलं. मोका पॉट, तो गॅसवर ठेवायचा, १९३३ साली इटलीत बियालेत्तीनं आणलेला, त्याला आणखी बारीक, पण पूड दाबायची नाही, नुसती भरायची. एस्प्रेसोला त्याहूनही बारीक आणि सगळ्यांत जपून दळावं लागतं, कारण ९ बार दाबाखाली २५-३० सेकंदांत खेळ आटोपतो. ते यंत्र तुझ्याकडे नाही आणि कृपा करून घेऊही नकोस. कोल्ड ब्रूला, म्हणजे गार पाण्यातल्या कॉफीला, मात्र एकदम भरड, रात्रभर फ्रिजमध्ये.

आणि आपला स्टीलचा फिल्टर! वैशाली हॉटेलात आपण तासन्‌तास जी कॉफी पीत बसायचो तिच्याशी प्रेसची तुलना करू नकोस, ती गोष्टच वेगळी. तिथे दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क हवा, वर दूध पडणार असतं आणि बहुतेक पुड्यांत चिकोरी, म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड, असते. (कायद्यानं मिश्रणात कॉफी निम्म्याहून जास्त, किमान ५१ टक्के हवी. पुडीवर छापलेलं असतं, वाच.) या फिल्टरला बारीक रव्याच्या आसपासची पूड बरी. फार जाड झाली तर पाणी भसकन खाली येतं आणि डिकॉक्शन फिकं होतं, अगदी मैदा झाला तर थेंब पडता पडत नाही. वरची चकती अलगद ठेवायची, दाबून बसवायची नाही. तुळशीबागेतला माझा फिल्टर असाच चालतो, रात्री लावला की सकाळी तयार.

आता मिक्सर. त्याची पाती दाणा दळत नाहीत, फोडतात. त्यामुळे एकाच भांड्यात धूळ आणि खडे दोन्ही, म्हणजे एकाच कपात कडू आणि आंबट. ग्राइंडर घेईपर्यंत दोन-दोन सेकंदांचे झटके देत फिरव आणि मग रव्याच्या चाळणीनं चाळ. चाळणीत राहील ते प्रेसला, खाली पडेल ते फिल्टरला. पुढे हाताचा ग्राइंडर घेच. त्यात दाणा दोन दातेरी भागांमधून जातो आणि त्यांच्यातलं अंतर तुझ्या हातात असतं. महागड्या यंत्रापेक्षा हे पैसे सत्कारणी लागतील. कुणी 'वीस क्लिकवर ठेव' म्हणालं तर ऐकू नकोस, प्रत्येक ग्राइंडरचं क्लिक वेगळं. दोन बोटांत पूड चोळून बघ.

चिकमगळूरच्या अरेबिकाचे पाव किलो दाणे तुझ्यासाठी बाजूला ठेवलेत, अख्खेच, कारण दळले की वास उडायला लागतो. कुरियर करतो. नव्या फ्लॅटचा पत्ता पिनकोडसकट कळव, आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विन्या