शेंगा फोडायचा आवाज थांबतो तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी नातवाला घेऊन मल्टिप्लेक्सला गेलो होतो. चित्रपटाचं नाव सांगत नाही. त्यातला खलनायक पहिल्या वीस मिनिटांत कोयत्यानं सात-आठ माणसं कापतो, रक्त थेट कॅमेऱ्यावर उडतं आणि पार्श्वसंगीतानं खुर्ची हादरते. शेजारी बघितलं तर नातू मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता. अकरावीतला पोरगा. भीती राहू द्या, पुढं काय होतंय याचीही त्याला उत्सुकता नव्हती. तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय.

मी सोलापुरातल्या एका जुन्या थेटरात एकतीस वर्षं ऑपरेटर होतो. 1974 साली रिळं गुंडाळायला लागलो, मग मशीनवर आलो. तेव्हा दिव्याला कार्बनच्या कांड्या असायच्या. त्या जळतील तशा पुढं सरकवायच्या, आणि रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसायचा, तो बघून दुसरं मशीन चालू करायचं. त्यामुळं डोळा कायम झरोक्याला. रोजचे चार खेळ, चित्रपट चालला तर पाच-सहा आठवडे तोच. प्रेक्षक एकदा बघून घरी जातो, आम्ही दीडशे वेळा बघायचो. नुसतं दचकवणारा प्रसंग आमच्यासाठी दुसऱ्याच खेळाला संपायचा. पडद्यावरची काही माणसं मात्र शेवटच्या खेळालाही पोटात गोळा आणायची.

हेल्परला मशीनवर ठेवून मी कधीकधी बाल्कनीच्या दारात उभा राहायचो. खाली लोक शेंगा फोडत बसलेले असायचे. मारामारीला शिट्ट्या पडायच्या, गाण्याला चिल्लर उडायची, पण शेंगांचा तो कुटकुट आवाज सगळ्यात चालूच असायचा. तो थांबला की मी समजायचो, पडद्यावर खरा माणूस आलाय.

'शोले'त गब्बरच्या आरडाओरड्याला तो थांबत नसे. तिथं तर लोक त्याचे संवाद त्याच्या आधी म्हणायचे. थांबायचा तो अहमदच्या वेळी. गावातलं कोवळं पोर टोळीच्या हाती लागलंय आणि गब्बर आडवा पडून हातावर चढलेल्या किड्याकडं बघतोय. एक चापट मारतो आणि किडा मरतो. पोराचं काय केलं ते आमच्या प्रिंटमध्ये दाखवलेलंच नव्हतं. नंतर घोड्यावरून प्रेत गावात येतं, तेवढंच. मधलं सगळं लोकांनी आपापल्या मनात बघितलेलं असायचं, आणि ते कुठल्याही कोयत्यापेक्षा वाईट असायचं.

पण मला बोलायचंय ते निळूभाऊंबद्दल. आजच्या पोरांना निळू फुले म्हटलं की वाड्यावर बोलावणारी ती एक ओळ माहीत. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, मोबाइलवर, सगळीकडं तीच नक्कल आणि त्यावर हशा. मला याचं फार वाईट वाटतं. राष्ट्र सेवा दलात घडलेला हा माणूस, आणि त्याच्या खलनायकाला गावोगावच्या बायाबापड्या खऱ्याखुऱ्या भ्यायच्या. ती भीती एका ओळीची नव्हती.

1975 चा 'सामना' घ्या. विजय तेंडुलकरांचं लेखन, आणि दिग्दर्शक जब्बार पटेल, जे आपल्या सोलापुरातच शाळा शिकले. बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेलेला चित्रपट. त्यातले हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखान्याचे सर्वेसर्वा. आपल्या जिल्ह्याला असा माणूस वेगळा सांगावा लागत नाही. हे हिंदुराव एका दारुड्या, बेवारशी मास्तरला आपल्या घरी आणतात. त्याला अंथरूण, जेवण, वर दारूही देतात. गाव त्यांनी पुढं आणलंय हेही खोटं नाही. डॉ. लागूंचा मास्तर गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं? त्या प्रश्नानं हिंदुरावांच्या चेहऱ्यावरचं हसू जात नाही, फक्त डोळ्यांतून निघून जातं. निळूभाऊंनी हे नेमकं कसं केलं ते दीडशे वेळा बघूनही मला उमगलं नाही. आणि आजूबाजूची माणसं बघा. कुणी खाली बघतं, कुणी विषय बदलतं. सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणीच बोलत नाही. हिंदुरावांना हात उचलावाच लागत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू मंडळींना 'मुत्याल मुग्गु'तला राव गोपाल राव आठवत असेल. तोही 1975 चाच. हा कंत्राटदार उगवत्या सूर्याकडं कौतुकानं बघतो आणि म्हणतो, आकाशात खून झाल्यासारखं दिसतंय. मला तेलुगू तोडकंमोडकं येतं, तरी तेवढ्या वाक्यानं कळलं की हा माणूस काय करू शकतो.

मग 2016 ला 'सैराट'. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा. मी तेव्हा निवृत्त झालेलो, तिकीट काढून बघितला. 'झिंगाट'ला लोक खुर्च्या सोडून नाचले. आणि शेवटी आर्चीचा भाऊ आईनं पाठवलेल्या वस्तू घेऊन तिच्या दारात येतो. माहेरचं माणूस आलं म्हणून ती चहा ठेवते. त्यानंतर शेजारीण बाळाला सोडून जाते, बाळ आत जातं, बाहेर येतं, फरशीवर रक्ताची छोटी पावलं उमटतात आणि आवाज बंद. आर्चीला आणि तिच्या नवऱ्याला मारताना दाखवलंच नाही. खेळ सुटल्यावर पार्किंगमध्ये गाड्यांचे स्टँड काढल्याचे आवाज तेवढे येत होते. मी बायकोशी घरापर्यंत बोललो नाही. भाऊ दारात आला तर आपल्यापैकी कुठली बहीण चहा ठेवणार नाही?

हे लिहायचं कारण असं की माझ्या गल्लीतली दोन पोरं मोबाइलवर लघुपट करतायत. मेहनती आहेत. त्यांच्या खलनायकाला काळा गॉगल, गळ्यात जाड साखळी आणि हातात कोयता आहे. मी म्हटलं, ते सगळं काढा. त्याला औषधाच्या दुकानात पाठवा, आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला. तो अदबीनं बोलेल, किती झाले विचारेल, पाकीट काढेल. दुकानदार पैसे घ्यायला हात पुढं करणार नाही आणि मागं उभं असलेलं गिऱ्हाईक हळूच बाहेर पडेल. एवढंच दाखवा. पोरं जरा वेळ गप्प बसली, मग विचारात पडून गेली.

आपल्याकडं एक विनंती आहे. 'सामना'ची पन्नाशी उलटली. आपल्या दैनिकानं पुढाकार घेऊन तो हुतात्मा स्मृती मंदिरात, मोठ्या पडद्यावर, एकदा दाखवावा. प्रवेश शाळा-कॉलेजच्या पोरांना आधी द्यावा. मशीनवर माणूस लागला तर मी येतो. आताची मशीन मला येत नाहीत, पण शिकून घेईन. नातवाला मधल्या रांगेत बसवायचंय.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर
साखर पेठ, सोलापूर