माझ्या आईला मायक्रोस्कोपपाशी बोलावणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम, सा. न.

तुमच्या ओपीडीतली ती रांग पाहता मी तुमच्या लक्षात असेन असं नाही. आईची किडनी घेऊन जगणारा, दोन्ही हातांवर जाड खपल्यांचा थर धरलेला मुलगा, तो मी.

तुमच्याकडे येण्याआधी चार महिने आम्ही तीन दवाखाने पालथे घातले होते. सोरायसिस म्हणून स्टिरॉइडचं मलम मिळालं आणि ते लावून खपल्या आणखीच वाढल्या. एकानेही खपली खरवडून तपासली नाही. एका ठिकाणी मला दारातच उभं ठेवलं आणि आईला विचारलं, "याला अंघोळ घालता की नाही?" पोटचा गोळा वाचवायला स्वतःची किडनी काढून देणाऱ्या बाईला हा प्रश्न! त्या दिवसापासून ती माझे कपडे दोन-दोनदा उकळायची आणि रात्री देवापुढे बसून रडायची. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही हातमोजे घातलेत, स्टूल पुढे ओढलंत आणि माझा हात हातात घेतलात. कितीतरी दिवसांनी आईशिवाय कुणी तो धरला होता. खपलीचा कण काचेवर घेऊन पाहिलात आणि आईला हाक मारलीत, "आई, इकडे या, तुम्हीच बघा." तिने पदर सावरून भीत भीत डोळा लावला.

"हे खरजेचे किडे. साध्या खरजेत अंगावर १०-१५ असतात, या जाड खपल्यांच्या प्रकारात लाखो होतात. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून याला गोळ्या चालू आहेत ना, त्यांनी अंगाची राखण कमी होते. म्हणून याला खाजही फारशी सुटली नाही. तुमच्या स्वच्छतेत काही कमी नव्हतं."

शेवटचं वाक्य तुम्ही दोनदा म्हणालात. बाहेर रांग ताटकळत असताना.

हा प्रकार १८४८ साली नॉर्वेत कुष्ठरुग्णांच्या अंगावर पहिल्यांदा नोंदला गेला, हेही तुम्हीच सांगितलंत. त्यांनाही कुणीतरी असंच दारात उभं केलं असेल, हे तेव्हापासून मनातून जात नाही.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, मलम, घरच्या सगळ्यांचे उपचार, सगळं पार पडलं. हात स्वच्छ झाले, किडनीही ठणठणीत आहे. आणि गल्लीत कुणाच्या पोराला खरूज झाली की आई त्या माउलीला आधी सांगते, "तुझी काही चूक नाही गं. मी ते किडे डोळ्यांनी पाहिलेत."

तुमचा ऋणी,
एक पेशंट