मिठी दिसली, ठराव दिसला नाही

शनिवारच्या (२१ जुलै २०१८) अंकात अविश्वास ठरावाच्या बातमीसोबत राहुल गांधी पंतप्रधानांना मिठी मारतानाचे मोठे छायाचित्र आणि आत त्यांनी डोळा मारल्याचे दुसरे, हे पाहून लिहीत आहे. मिठी ही बातमी होती, हे मान्य. पण मोदी सरकारविरुद्धचा हा ठराव आंध्र प्रदेशातील तेलुगू देसम पक्षाचा होता. आंध्र प्रदेशला विशेष दर्जा देण्याचे आश्वासन तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २० फेब्रुवारी २०१४ रोजी राज्यसभेत दिले होते. ते पाळले गेले नाही, ही त्यामागची तक्रार. चर्चेला सुरुवात करणारे त्या पक्षाचे खासदार जयदेव गल्ला दिसतात कसे, हेही आपल्या अंकावरून कळले नाही. २००३ नंतर प्रथमच असा ठराव चर्चेला आला आणि तो १२६ विरुद्ध ३२५ मतांनी फेटाळला गेला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने तर याहून मोठी गोष्ट घडली. केंद्रात आणि राज्यात सत्तेत भागीदार असलेली शिवसेना मतदानापासून दूर राहिली. तिच्या रिकाम्या बाकांचे छायाचित्र कदाचित मिळालेही नसेल, कारण सभागृहातील दृश्ये तेव्हा लोकसभा टीव्हीच्या कॅमेऱ्यातूनच येत होती. मग निदान गल्ला बोलत असतानाचे तरी छापायचे! ते थेट प्रक्षेपणात सर्वांना दिसले होते. बातमीच्या मजकुरात हा तपशील होता, नाही असे नाही. पण अनेक वाचक छायाचित्र आणि मथळा पाहूनच पान उलटतात, हे संपादकीय विभागाला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

– एक वाचक, सोलापूर