क्लेमच्या फायलीत तुमचं अक्षर नाही, काकू

आदरणीय काकू,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे असं चारचौघांत. शिवाय तुम्ही शिकवलेलं दुसऱ्या कुणाच्या तरी कामी यावं, हा हेतू आहेच.

त्या रात्री वादळानं आमच्या घराचे पत्रे उडवले आणि विम्याची भरपाई मागायची वेळ आली. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात तुमची हयात गेली. आम्हाला वाटलं होतं, तुम्ही एखादी जुनी ओळख काढाल, कुणाला तरी फोन कराल. तसलं काही तुम्ही केलं नाहीत. आमच्या फायलीत तुमच्या हातचं एक अक्षर नाही. तुम्ही फक्त विचारत राहिलात. हे कशानं मोडलं? कशावरून म्हणतेस? खरं सांगते, पहिल्या दिवशी रागच आला होता. गाद्या भिजलेल्या, डोक्यावर आभाळ, आणि तुमची उलटतपासणी चाललेली!

ताडपत्री टाकण्याआधी फोटो काढायला लावलेत आणि मग मात्र लगेच टाकायला लावलीत. नुकसान वाढू न देणं हे विमा घेतलेल्याचं काम, आणि त्या तात्पुरत्या खर्चाची पावती जपून ठेवायची. भिजलेलं सामान सर्व्हेअरनं, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसानं, बघितल्याशिवाय फेकायचं नाही. एवढं बहुतेकांना माहीत असतं. तुमचं वेगळेपण मला दिसलं ते पत्र्याच्या भोकांपाशी.

अंगणात पडलेला पत्रा उलटा करून तुम्ही त्याच्या कडेची स्क्रूची भोकं बघत बसलात. छपरावरून वारा जोरात गेला की तो पत्रा दाबत नाही, वर ओढतो. कडा आणि कोपरे आधी सुटतात, हे मला तेव्हा कळलं. ओढ बसून फाटलेलं भोक लांबट होतं आणि त्याची कड चकाकते. गंजलेलं भोक तपकिरी असतं, बोट लावलं की चुरा पडतो. आमच्या पत्र्यांत दोन्ही होती. तुम्ही दोन्हींचे फोटो घ्यायला लावलेत, शेजारी मोजपट्टी ठेवून. सर्व्हेअर आल्या आल्या म्हणालेच, "पत्रे जुने होते ना?" मी म्हटलं, होते, हे बघा जुने आणि हे बघा वाऱ्यानं फाटलेले. त्यांनी ते फोटो मागून घेतले.

मागच्या भिंतीच्या ओलीवरून आपलं थोडं वाजलंही. नुकसानीच्या यादीत ती घालायला माझी ना नव्हती. पाणी ते पाणी. तुम्ही ठाम होतात. वादळानं पाडलेल्या खिंडारातून आलेलं पाणी साधारणपणे विम्यात बसतं, वर्षानुवर्षं झिरपणारं बसत नाही. जमिनीवरून चढलेल्या पुराच्या पाण्याला तर पुष्कळ पॉलिसींत वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ओल यादीतून गेली. माझा अंदाज असा की, ती यादीत नाही हे बघूनच सर्व्हेअरनी बाकीच्या कलमांवर फारशी घासाघीस केली नाही.

हवामान खात्याची वाऱ्याची नोंद जोडायचंही तुम्हीच सुचवलंत. ब्यूफोर्ट मापनात, म्हणजे वाऱ्याचा जोर त्याच्या परिणामांवरून सांगणाऱ्या मापनात, ताशी 62 ते 74 किलोमीटरला डहाळ्या मोडतात, 89 ते 102 ला झाडं उन्मळतात आणि इमारतींचं मोठं नुकसान होतं. जवळच्या केंद्राची त्या रात्रीची नोंद फायलीत लागली आणि "एवढा वारा होता का" हा प्रश्नच मिटला.

पैशाचा भाग मला सगळ्यात जड गेला. नुकसान विमा रकमेपेक्षा कितीतरी कमी, मग कापाकापी कशाला, असं मला वाटायचं. तुम्ही कागदावर मांडायला लावलंत: घर पुन्हा बांधायला 100 लागणार असतील आणि विमा 60 चाच असेल, तर सरासरीचं कलम (विमा जितका कमी, त्याच प्रमाणात भरपाईही कमी) असलेल्या पॉलिसीत 10 च्या नुकसानीलाही 6 च मिळतात. त्यातून ठरलेली वजावट, म्हणजे आपण स्वतः सोसायचा भाग, जाते ती वेगळीच. आमची विमा रक्कम पुरेशी निघाली. ती ठरवताना ह्यांनी जागेची किंमत न धरता फक्त बांधकामाचा खर्च धरला होता, म्हणून. (हे त्यांना सांगितल्यापासून घरात जरा ताठ चालतात.)

तरी कंपनीनं देऊ केलेली पहिली रक्कम बघून आम्ही खचलो होतो. एवढंच? अंतिम पावतीवर, म्हणजे आता आणखी काही मागणं नाही अशा कागदावर, सही करून मोकळं व्हावं असं ह्यांच्या मनात होतं. तुम्ही म्हणालात, आधी कलमवार हिशोब लेखी माग. तो आल्यावर उलगडलं. आमची पॉलिसी नव्यानं उभारणीच्या खर्चाची होती. अशा पॉलिसीत पुष्कळदा घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, कापून आधी एक हप्ता देतात आणि कापलेला भाग दुरुस्ती पूर्ण करून बिलं दिली की मिळतो. म्हणजे ती कपात कायमची नव्हती. पण मोडतोड उचलून नेण्याचा खर्च पॉलिसीत असूनही हिशोबात कुठेच नव्हता. भंगाराची किंमत मात्र न विसरता वजा केली होती! पॉलिसीतलं कलम दाखवून मी दोन ओळींचं पत्र दिलं, आवाज न चढवता, आणि ती रक्कम धरली गेली. नसती धरली तर विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जायची वाटही तुम्ही सांगून ठेवली होतीत.

दुरुस्तीची बिलं दिली, उरलेले पैसेही जमा झाले. नवे पत्रे वॉशर लावून, कडेला जास्त स्क्रू मारून बसवलेत.

आता पॉलिसीचं नूतनीकरण आलंय. बांधकामाचे दर वाढलेत म्हणून विमा रक्कम मी नव्यानं मोजली आहे. रविवारी आकडे घेऊन येते. सांगू काही नका, नेहमीसारखं फक्त विचारा.

तुमची,
शेजारची