शपथ झाली, आता बेडचं बघा

'26 जूनला अमली पदार्थविरोधी दिनी शाळांत शपथ' ही बातमी वाचली, फोटो छान आलेत, पण सरकारचाच व्यसनांवरचा सर्व्हे कुणी परत उघडून बघितला का? सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेला, 2019 ला रिपोर्ट आला, पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांशी बोलून केलेलं काम आहे ते. त्यात स्वच्छ लिहिलंय की दारूचं व्यसन जडलेल्या 38 जणांमागे फक्त एकाला कसलेतरी उपचार मिळतात, आणि ड्रग्जवाल्यांत 20 मागे एकालाच अ‍ॅडमिट होऊन उपचार मिळालेत. म्हणजे अभ्यास झालाय, आणि चांगला झालाय (सरकारी कामाला मी सहसा चांगलं म्हणत नाही). 2020 ला नशामुक्त भारत अभियान 272 जिल्ह्यांत सुरू झालं, 14446 ही हेल्पलाइन पण आहे, पण फोन केल्यावर जवळ बेडच नसेल तर घरच्यांनी पोराला न्यायचं कुठे? पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पण गडचिरोलीच्या आईने तिथवर यायचं का? एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट आहे, हे तरी त्या शपथेच्या कागदावर मागच्या बाजूला छापा.

– एक वाचक, पुणे