विचारलं नाही, ठरवून टाकलं

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

रागावू नका, पण लंडनचा आठवडा रद्द केलाय. जूनमध्ये आपण स्टॅमफर्ड या जुन्या गावी राहायचं. पैसे भरलेत, तेव्हा चर्चा नको. तुम्हाला लंडन झेपणार नाही असं मुळीच नाही; तिथल्या भुयारी स्टेशनांचे जिने मलाच नकोसे होतात. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून पीटरबरो तासाच्या आत, तिथे गाडी बदलली की पाव तासात स्टॅमफर्ड. घर तळमजल्यावर, संडास खोलीला लागून. आई, आलं-गवती चहा मी आणते, कुकर बांधू नकोस.

बाबा, लंडनहून यॉर्कला जाणारा जुना हमरस्ता याच गावातून जायचा. 'द जॉर्ज' सरायीची पाटी अख्ख्या रस्त्याच्या वरून आडवी गेलीय. आत दोन दारांवर अजून 'लंडन' आणि 'यॉर्क' लिहिलंय. जिकडची घोडागाडी, त्या खोलीत बसायचं. पंधरा-वीस किलोमीटरवर घोडे बदलत, टपालगाडीचे तर दोनेक मिनिटांत. तीव्र उताराला मागच्या चाकाखाली लोखंडी अडण सरकवायचे, नाहीतर गाडीच घोड्यांच्या अंगावर. पुढे १८५२ मध्ये मुख्य रेल्वे पीटरबरोवरून गेली आणि हमरस्ता ओस पडला. गाव जुनंच राहिलं ते त्यामुळे, असं मला वाटतं.

गुरांची वाट निराळी. स्कॉटलंडची गुरं टोलनाके चुकवत 'द ड्रिफ्ट' या रुंद गवताळ वाटेने यायची. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, फार नाही; दामटली की अंग झडतं, आणि हाडं निघालेल्या जनावराला लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात कोण विचारणार? पायांना पत्र्या मारायचे, अगदी आपल्यासारख्या. खूर दुभंगलेला, म्हणून पायाला दोन, जनावरामागे आठ. जनावर पाडून, पाय बांधून. खुराची भिंत पातळ, खिळा जरा आत गेला की लंगडलंच. अण्णांच्या ढवळ्याचं डोकं तुम्ही मांडीवर धरायचात ना, तेच. मी आईच्या पदराआडून बघायचे.

पाऊस झाला की ड्रिफ्टच्या चाकोऱ्यांत पाणी साचतं, वरून गवतच दिसतं आणि पाय मुरगळतो. तेव्हा चपला नाहीत, बूट. एक किलोमीटर जायचं आणि परत. 'अजून थोडं' चालणार नाही! तुमचं वय झालंय म्हणून नव्हे हो, वाटच तशी आहे. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत. आणि बाबा, गुडघ्याचा पट्टा बॅगेत नको, घालूनच विमानात बसा.

तुमची,
धाकटी